‘प्रतिकारशक्ती वाढवायला काय देऊ?’ : गणपती ते कोजागिरी, लहान मुलांच्या घरातले दिवस

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते. मुलगी साडेचार वर्षांची, जूनपासून ज्युनिअर केजीत जाते. मुलगा १४ महिन्यांचा. तुम्ही दोघंही नोकरीला, घरी सासूबाई. मुलगी दर पंधरवड्याला शाळेतून सर्दी आणते, चार दिवसांत ती धाकट्याला होते, आणि मग तुम्हाला. गणपतीत जेवणाझोपेच्या वेळा मोडल्या त्या अजून जागेवर आलेल्या नाहीत. रात्री अकराच्या आत घरात कुणी झोपत नाही, डबा निम्मा परत येतो, फ्रिजच्या दारात औषधाच्या बाटल्यांची रांग लागली आहे. नवरात्र तोंडावर आलंय. आणि तुम्ही विचारताय की दोघांची प्रतिकारशक्ती वाढवायला काय देऊ, आणि फ्लूची लस आता द्यावी का.

मी बालरोगतज्ज्ञ आहे. भाद्रपद संपत आला की हाच प्रश्न रोज येतो, फक्त मुलांची वयं बदलतात. उत्तर पहिल्या वाक्यातच सांगून टाकते: बाटलीतून काहीही देऊ नका. तुमच्या घरात दुरुस्त करण्यासारखी एकच गोष्ट मला दिसते, आणि ती म्हणजे संध्याकाळी सहा ते रात्री नऊ हे तीन तास. त्याच्या जोडीला ताप आल्यावर काय बघायचं ते नीट माहीत असायला हवं, कारण या दिवसांत ताप म्हणजे दरवेळी शाळेतली सर्दी नसते.

आधी सर्दीचा हिशोब करू. शाळा किंवा पाळणाघर नव्यानं सुरू झालेल्या मुलाला वर्षाला ८ ते १० वेळा सर्दी होणं हे निरोगी मुलाचं लक्षण आहे. एक सर्दी ७ ते १० दिवस चालते. त्यातल्या सहा तरी जून ते नोव्हेंबरच्या सहा महिन्यांत येतात. म्हणजे १८० दिवसांतले ६० दिवस नाक वाहतं. सर्दी गेल्यावर खोकला आणखी दोन-तीन आठवडे रेंगाळू शकतो, ते दिवस धरले तर निम्मा पावसाळा झाला. ‘सारखी आजारी असते’ असं आईला वाटतं ते खरंच असतं, पण त्यात बिघाड काही नसतो. ती ज्या विषाणूंना पहिल्यांदा भेटतेय त्यांची ओळख तिच्या शरीराला अशीच होणार आहे. धाकट्याची ही ओळखपरेड घरबसल्या चाललीय, इतकंच. तो शाळेत जाईल तेव्हा तुमचा त्रास थोडा कमी असेल.

शेंबूड हिरवा झाला की अँटिबायोटिक लागतं, ही समजूत सुशिक्षित घरांतही घट्ट आहे. सर्दीच्या तिसऱ्या-चौथ्या दिवशी शेंबूड घट्ट, पिवळा-हिरवा होतो तो आपल्याच पांढऱ्या पेशींमुळे. विषाणूच्या सर्दीतही तो तसाच होतो. रंगावरून औषध ठरत नाही. मात्र दहा दिवसांनंतरही जराही उतार नसेल, किंवा बरं वाटायला लागून पुन्हा ताप चढला असेल, तर दाखवायला या.

मग खरी काळजी कधी करायची? वर्षात दोनदा न्यूमोनिया झाला, कान पुन्हा पुन्हा फुटला, गळवं वारंवार झाली, वजन महिनोन्‌महिने वाढलंच नाही, किंवा प्रत्येक आजारात शिरेतून औषध द्यावं लागलं, तर तपासण्या करायच्या. तुम्ही लिहिलेल्यात यातलं काही नाही. मुलगी १६ किलोची आहे, खेळते, भांडते, ताप उतरला की खायला मागते. तिची प्रतिकारशक्ती उत्तम काम करतेय.

आता फ्रिजच्या दारातल्या बाटल्या. खोकल्याची सिरपं आजच काढून टाका. सप्टेंबर-ऑक्टोबर २०२५ मध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा जिल्ह्यात खोकल्याच्या औषधात मिसळल्या गेलेल्या डायएथिलीन ग्लायकॉल या विषारी रसायनामुळे लहान मुलांची मूत्रपिंडं निकामी झाली आणि अनेक मुलं दगावली, हे तुमच्या लक्षात असेल. त्याच ऑक्टोबरात केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयानं सूचना काढली की २ वर्षांखालच्या मुलांना सर्दी-खोकल्याची औषधं देऊच नयेत आणि ५ वर्षांखालीही सहसा देऊ नयेत. पण भेसळीचा भाग बाजूला ठेवला तरी ही औषधं लहान मुलांत उपयोगीच पडत नाहीत, हे त्याआधीपासून माहीत होतं. मूल गुंगतं, आईला झोप मिळते, खोकला आपल्या वेळेनं जातो. मुलीला झोपताना अर्धा ते एक चमचा मध द्या. रात्रीच्या खोकल्याला तो बऱ्यापैकी आराम देतो. धाकट्यालाही चालेल, त्यानं वर्ष ओलांडलंय. वर्षाच्या आतल्या बाळाला मात्र मध चाटवायचा नाही. नाक चोंदलं तर मिठाच्या पाण्याचे तयार थेंब मिळतात, ते दूध पाजण्याआधी आणि झोपवण्याआधी घाला. उरलेल्या बाटल्यांत जुनं अँटिबायोटिक असेल तर तेही गेलं पाहिजे. पाणी घालून तयार केलेलं अँटिबायोटिक आठवडा-दीड आठवड्यानंतर वापरण्याजोगं राहत नाही, आणि शेजारच्या मुलाला लागू पडलं म्हणून ते आपल्याला लागू पडत नाही.

सासूबाईंचे उपाय तुम्ही तक्रारीच्या सुरात लिहिले आहेत. मी त्यांच्या बाजूनं थोडं बोलते. कोमट तेलानं मालीश, तुळशीचा पाला घालून उकळलेलं पाणी, गरम मऊ भात आणि वरण, छातीपाठीवर त्यांचा हात फिरणं, या सगळ्यानं मूल शांत होतं, आणि शांत झालेलं मूल झोपतं. ते चालू द्या. फक्त तीन गोष्टींना ठाम नाही म्हणा, आणि ते तुम्ही म्हणण्याऐवजी तुमच्या नवऱ्यानं आपल्या आईला सांगावं. नाकात तेल घालायचं नाही. ते फुफ्फुसात उतरतं आणि तेलकट न्यूमोनिया होतो, तो लवकर बरा होत नाही. कापराची पुरचुंडी धाकट्याच्या गळ्यात किंवा उशाशी ठेवायची नाही. लहान मुलानं कापूर तोंडात घातला तर झटके येतात. आणि वाफेसाठी उकळत्या पाण्याचं भांडं मुलांच्या आसपास न्यायचं नाही. वाफेनं सर्दी बरी होत नाही, आणि भांडं कलंडून भाजलेली मुलं दर पावसाळ्यात येतात. ओव्याची पुरचुंडी तव्यावर गरम करून मोठ्यांनी आधी आपल्या हातावर तपासली तर हरकत नाही.

आता मुख्य गोष्टीकडे येते.

साडेचार वर्षांच्या मुलीला २४ तासांत १० ते १३ तास झोप लागते आणि वर्ष-दोन वर्षांच्या मुलाला ११ ते १४ तास, दुपारची धरून. तुमची मुलगी रात्री सव्वाअकराला झोपते आणि साडेसहाला स्कूल व्हॅनसाठी उठते. सव्वासात तास. दुपारी शाळेतून येऊन ती तीन ते साडेपाच झोपते, म्हणून रात्री तिला झोप येत नाही, म्हणून सकाळी तिला ओढून उठवावं लागतं, म्हणून ती दूध न पिता जाते, डब्याच्या वेळी कंटाळलेली असते, आणि दुपारी पुन्हा आडवी. डबा परत येणं, संध्याकाळची किरकिर, चिडून भावाला ढकलणं, या तुम्ही वेगवेगळ्या लिहिलेल्या तक्रारी मला एकाच साखळीतल्या दिसतात.

सुरुवात रात्रीपासून करू नका, ते जमत नाही. सकाळपासून करा. उठण्याची वेळ रविवारीही तीच ठेवा, फार तर अर्ध्या तासाचा फरक. उठल्याउठल्या गॅलरीत उजेडात न्या. दुपारची झोप एका आठवड्यात कमी करत आणा: आधी साडेपाचऐवजी पाच, मग साडेचार, मग चार. सासूबाईंना हे अवघड जाईल, कारण मुलगी झोपलेली असतानाच त्यांना पाठ टेकायला मिळते. त्यांना ती विश्रांती दुसऱ्या वेळी कशी मिळेल ते आधी ठरवा, नाहीतर ही योजना तिसऱ्या दिवशी मोडेल आणि दोष त्यांच्यावर जाईल. झोपायची वेळ दर दोन-तीन दिवसांनी १५ मिनिटांनी मागे घ्या. सव्वाअकरावरून नऊवर यायला तीन-चार आठवडे लागतील. नवरात्रात ते अडखळेल, तरी चालेल.

संध्याकाळचा क्रम असा बसवा. साडेसहा-सातच्या दरम्यान मुलांचं जेवण, तुमचं नव्हे. तुम्ही दोघं साडेसात-आठला घरी पोचता आणि सगळ्यांनी एकत्र जेवावं असं तुम्हाला वाटतं. ते वाटणं चांगलं आहे, पण आठवड्यातल्या पाच दिवशी त्याची किंमत मुलं मोजतात. मुलांनी सासूबाईंबरोबर वरण-भात-भाजी, थालीपीठ, खिचडी असं काहीतरी खाऊन घ्यावं. तुम्ही आल्यावर ती तुमच्या ताटाशेजारी बसून काकडीचा एखादा तुकडा खातील. मग अंघोळ, गोष्ट, दिवे मंद. टीव्ही आणि मोबाइल जेवणाच्या वेळेपासून बंद, मोठ्यांचेही. भारतीय बालरोग संघटनेच्या मार्गदर्शक सूचना २ वर्षांखाली पडदा नकोच, आणि २ ते ५ वर्षांत दिवसाला जास्तीत जास्त एक तास, तोही कुणीतरी सोबत बसून, असं सांगतात. तुमच्या घरात धाकटा मोबाइल बघत जेवतो. तो बंद केल्यावर तो चार दिवस कमी जेवेल. जेवू दे कमी.

नवऱ्याचा उल्लेख तुमच्या प्रश्नात एकदाच आलाय, ‘तेही थकलेले असतात’ असा. झोपवण्याचं काम त्यांच्याकडे द्या. रोज नाही, पण ठरलेल्या वारी, आणि त्या वारी तुम्ही त्या खोलीत जायचं नाही. पहिल्या आठवड्यात मुलगी ‘आईच हवी’ म्हणून रडेल. बाबांनी तिथं बसून राहायचं.

अंघोळ संध्याकाळी का, तर पाऊस ओसरला की हवा एकदम बदलते. सप्टेंबरच्या अखेरीस सूर्य हस्तात जातो, दुपारी विजा कडाडून हत्तीचा पाऊस पडतो, आणि ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात मोसमी पाऊस राज्यातून मागे सरतो. मग पुण्याकडे दिवसा ३२-३३ अंश आणि पहाटे १९-२० अशी तफावत सुरू होते. कोकणात तर घामानं जीव नकोसा होतो. मुलांना मानेवर, काखेत, पाठीवर घामोळं येतं, रात्री खाज सुटते, झोप मोडते. कोमट पाण्याची अंघोळ, सुती बिनबाह्यांचा सदरा, पंखा मध्यम. टाल्कम पावडर नको, ती बारीक असते, मुलांच्या श्वासात जाते. पहाटे गार पडतं म्हणून रात्री दहालाच स्वेटर-टोपी चढवू नका. पायाशी एक पातळ पांघरूण ठेवा, पहाटे ज्याला जाग येईल त्यानं ते घालावं. पंख्यानं सर्दी होत नाही, हे मी सासूबाईंना पटवून देऊ शकेन असं मला वाटत नाही, पण ते खरं आहे.

नवरात्र. इथं मी भोंडल्याच्या बाजूची आहे. पाटावरचा हत्ती, त्याच्याभोवती फेर, गाणी, खिरापत ओळखणं, आणि दिवेलागणीला सुरू होऊन जेवणाआधी सगळ्या आपापल्या घरी. लहान मुलींच्या वेळापत्रकाला याहून सोयीचा सण शोधून सापडणार नाही. तुमच्या सोसायटीत साडेआठनंतर दांडिया लागतो, तिथं मुलीला नऊपैकी एक-दोन रात्री न्या, आधी कुठल्या ते तिला सांगून ठेवा, आणि त्या दुपारी तिला थोडं जास्त झोपू द्या. रोज ‘पाच मिनिटं बघून येऊ’ म्हणत दीड तास थांबणं हे सगळ्यात वाईट. धाकट्याला स्पीकरच्या भिंतीजवळ मुळीच नेऊ नका. मोठ्याला छातीत धडधड जाणवते तिथं बाळाच्या कानाचं काय होत असेल, त्याला ते सांगता येत नाही. ध्वनिक्षेपकाला रात्री दहाची मर्यादा आहे, आणि सणाचे काही मोजके दिवस राज्य सरकार बारापर्यंत सूट देतं. ते दिवस कुठले हे सोसायटीत विचारून त्या रात्री खिडक्या बंद करून मागच्या खोलीत झोपण्याची तयारी ठेवा.

खिरापतीबद्दल एक कडक सूचना. अख्खे शेंगदाणे, फुटाणे, डाळं, चुरमुऱ्यांत मिसळलेले खोबऱ्याचे बारीक काप, खडीसाखर, हे चार-पाच वर्षांखालच्या मुलाच्या श्वासनलिकेत अडकतं. हसत, पळत, गाणं म्हणत खाताना तर अधिकच. श्वासनलिकेतून शेंगदाणा काढायला भूल देऊन दुर्बीण घालावी लागते. धाकट्याच्या हातात कुणीतरी प्रेमानं प्रसाद ठेवणारच, म्हणून तो कुणाच्या कडेवर आहे हे त्या वेळी ठरलेलं असू द्या. खिरापतीला तुमची पाळी आली की शिरा, घारगे, उकडलेलं रताळं, केळं घालून साजूक तुपातला सांजा असलं काहीतरी करा. सीताफळं या दिवसांत येतात. ती मुलांना द्या, सर्दी होत नाही, पण बिया तुम्ही काढून द्या.

घरात कुणाचे नऊ दिवसांचे उपास असतील तर भगर अख्खी, पाकीटबंद आणा, निवडून धुऊन वापरा. सुटं भगरीचं पीठ आणू नका. ते दमट हवेत ओल धरतं, त्यावर बुरशी वाढते, आणि दर नवरात्रात भगर खाऊन उलट्या-चक्कर झालेल्यांच्या बातम्या येतात. अन्न व औषध प्रशासनही त्याबद्दल सावध करत असतं. मुलांना उपासाचं खाऊ घालायचं कारण नाही. साबुदाण्याची खिचडी त्यांना आवडते म्हणून चार घास, पण ते जेवण नव्हे.

कोजागिरीला मुलांना मध्यरात्रीपर्यंत जागवू नका. पौर्णिमेचा चंद्र सूर्यास्ताच्या सुमारासच उगवतो, साडेसातला गच्चीवरून तो छान दिसतो. मसाला दूध तेव्हाच द्या, दात घासून झोपवा, मोठ्यांची कोजागिरी नंतर चालू द्या. आणि त्या दिवशी थोरल्या अपत्याची आश्विनी करतात ती तुमच्याकडे करत असाल तर या वर्षी चुकवू नका. करत नसाल तर सुरू करा. मुलगी भावाला ढकलते, त्याचं खेळणं हिसकावते असं तुम्ही लिहिलंय. गेले १४ महिने घरात ‘बाळ झोपलंय, हळू बोल’ हे वाक्य तिनं सगळ्यात जास्त ऐकलं असणार. फक्त तिलाच पाटावर बसवून, नवा फ्रॉक घालून ओवाळायचं, आणि त्या वेळी बाळ बाबांच्या कडेवर मागे उभं, असा एक सण आपल्याकडे आहे तर तो वापरा. शिवाय रोज १५ मिनिटं, दार लावून, फक्त ती आणि तुम्ही. खेळ तिनं ठरवायचा.

डब्याचं फार मनावर घेऊ नका. शाळेतली सुट्टी पंधरा-वीस मिनिटांची, त्यात डबा उघडणं, शेजारच्या डब्यात डोकावणं आणि हात धुणं. दोन पोळ्यांच्या सहा सुरळ्या साडेचार वर्षांच्या मुलीला संपत नाहीत. एक द्या, आणि घरी आल्यावर लगेच खरं जेवण. धाकट्याच्या दुधाकडे मात्र बघा. तो बाटलीनं दिवसाला जवळजवळ एक लिटर पितो असं तुमच्या आकड्यांवरून दिसतं. तो जेवत नाही याचं कारण तेच. वर्षानंतर ४०० ते ५०० मिली पुरे. दुधात लोह जवळपास नसतं, पोट मात्र भरतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत ६ ते ५९ महिन्यांच्या भारतीय मुलांपैकी ६७.१ टक्के रक्तक्षयी आढळली, आणि त्यात खात्यापित्या घरची, दूध पिऊन गोंडस दिसणारी मुलंही असतात. बाटली बंद करा, कपानं द्या, रात्रीची बाटली सगळ्यात आधी बंद. पुढच्या भेटीत हिमोग्लोबिन बघू. तुम्हाला काहीतरी ‘द्यायचंच’ असेल तर ते लोह आहे, प्रमाण वजनावरून लिहून देईन. दुकानातलं चॉकलेटी चवीचं टॉनिक नको.

आता डास आणि ताप. डेंग्यूचा डास स्वच्छ साठलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि अंड्यापासून उडणारा डास व्हायला साधारण ७ ते १० दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एक दिवस घरातलं सगळं साठलेलं पाणी ओतायचं. कुंड्यांखालच्या ताटल्या, फ्रिजच्या मागचा ट्रे, उन्हाळ्यापासून गॅलरीत पडलेला कूलर, पक्ष्यांसाठी ठेवलेलं पसरट भांडं, मनीप्लांटची बाटली. सोसायटीत गणपतीच्या मंडपाची ताडपत्री अजून घडी करून कोपऱ्यात पडली असेल तर तिच्या खोबणींत बघा. हा डास दिवसा चावतो, सकाळी आणि मावळतीच्या आधी सगळ्यात जास्त. म्हणजे व्हॅनची वाट बघताना आणि बागेत खेळताना. त्या वेळी पूर्ण बाह्या आणि लांब पँट. धाकट्याच्या दुपारच्या झोपेला मच्छरदाणी लावा, रात्रीपेक्षा ती तेव्हा जास्त कामाची. बंद खोलीत अगरबत्ती-कॉइलचा धूर करू नका.

ताप आला तर औषध एकच, पॅरासिटामॉल, किलोमागे १५ मिलिग्रॅम, दोन डोसांत किमान चार ते सहा तासांचं अंतर, २४ तासांत चारपेक्षा जास्त नाही. आता बाटली नीट वाचा. बाजारात ५ मिलीत १२० आणि ५ मिलीत २५० मिलिग्रॅम अशी दोन्ही सिरपं मिळतात, आणि थेंबांत तर १ मिलीतच १०० असतात. तुमच्या १६ किलोच्या मुलीला २४० मिलिग्रॅम म्हणजे पहिल्यातलं १० मिली आणि दुसऱ्यातलं ५ मिलीला जरा कमी. बाटली बदलली आणि ‘नेहमीचं माप’ दिलं की डोस दुप्पट होतो. धाकटा १० किलोचा, त्याला थेंबांतले दीड मिली. घरात एकच ताकदीची बाटली ठेवा, आणि फ्रिजवर कागद लावा: वेळ, किती दिलं, कुणी दिलं. सासूबाईंनी साडेपाचला दिलेलं तुम्ही येऊन साडेसहाला पुन्हा दिलं, हे असल्या घरांतच होतं. आयबुप्रोफेन, मेफेनॅमिक ॲसिड ही ताप ‘झटकन’ उतरवणारी औषधं या दोन महिन्यांत डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका. डेंग्यू असेल तर त्यांनी रक्तस्राव वाढू शकतो.

ताप १०३ वर गेला म्हणून घाबरू नका. उतरला म्हणून निर्धास्तही होऊ नका. डेंग्यूत धोक्याचा काळ ताप उतरताना सुरू होतो, आजाराच्या साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसात. तेव्हा रक्तवाहिन्यांतून पाणी झिरपायला लागतं. ताप गेला आणि मूल खेळायला लागलं, तर बरं होतंय. ताप गेला पण मूल निपचित पडलंय, पोट दुखतंय, सारख्या उलट्या होतायत, हातपाय गार आहेत, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त येतंय, शी काळी झालीय, किंवा सहा तासांत शू नाही, तर रात्रीचे दोन वाजले असले तरी निघा, सकाळची वाट बघू नका. प्लेटलेट्सचा आकडा हा लोकांचा आवडता विषय आहे. मला त्याहून शू किती वेळा झाली हे ऐकायला आवडतं. पपईच्या पानांचा रस पाजून आधीच मळमळणाऱ्या मुलाला उलटी करायला लावू नका. त्याऐवजी ओआरएस, ताक, पेज, नारळपाणी, थोडं थोडं, सतत.

श्वासाचंही एक माप सांगते. धाकटा झोपलेला किंवा शांत असताना पूर्ण एक मिनिट घड्याळ लावून पोटाची हालचाल मोजा. वर्षानंतर मिनिटाला ४० किंवा अधिक श्वास, किंवा बरगड्यांखाली खड्डा पडणं, हे त्याच दिवशी दाखवायचं.

वर्गात तळहात, तळपाय आणि तोंडात फोड येणाऱ्या आजाराचा मेसेज फिरतोय असं म्हणालात. हँड-फूट-माउथ. आठवडाभरात आपोआप जातो, औषध नाही, गार मऊ खायला द्या, ताप जाऊन फोड सुकेपर्यंत शाळेत पाठवू नका. महिन्याभरानं एखाददुसरं नख सुटून आलं तर घाबरून फोन करू नका. खाली नवं असतं.

राहिली फ्लूची लस. आपल्याकडे फ्लूची मोठी लाट पावसाळ्यात येते, म्हणून योग्य वेळ एप्रिल-मे. या वर्षी ती हुकली तरी हिवाळ्यात एक लहान लाट येते, त्यामुळे दोघांनाही आता द्या. पहिल्यांदाच घेत असल्यानं चार आठवड्यांच्या अंतरानं दोन डोस लागतील, पुढे दर वर्षी एक, ५ वर्षांपर्यंत तरी. धाकट्याच्या गोवर-गालगुंड-रुबेलाच्या दुसऱ्या डोसाची आणि कांजिण्यांच्या लसीची वेळ १५ महिन्यांना येतेय, म्हणजे दिवाळीच्या आसपास. गावी जाण्याची तिकिटं काढण्याआधी ती तारीख बघा. आणि त्या दिवशी त्याला सर्दी असेल, तशी ती असणारच, तरी घेऊन या. नुसत्या सर्दीनं लस पुढे ढकलायची नसते. अंगात चांगला ताप असेल तरच आधी फोन करा.